विष्णुपंतांच्या पानातली अन्नपूर्णा

विष्णुपंत आगट्यांच्या दारावरची पाटी ही आमच्या आळीतली सगळ्यांत मोठी पाटी होती. वकिलांची पाटी लहान, वैद्यांची त्याहून लहान, आणि गुप्त तपास करणाऱ्या माणसाची पाटी मात्र पितळेची, कोपऱ्यावरच्या पिंपळाखालून वाचता येईल एवढी. तिच्यावर कोरलं होतं: 'वि. के. आगटे. खासगी गुप्त तपास. चोरी, हरवलेली माणसे, जनावरे व इतर. गुप्तता पाळली जाईल.'

शेवटचं वाक्य वाचून सांगलीच्या गावभागातली माणसं पाटीखाली उभी राहून हसायची. विष्णुपंतांच्या पोटात अन्न सोडून दुसरं काही राहत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी तर त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. त्यांना उचकी लागली की आमच्या घरात पाण्याचा तांब्या भरत. तेव्हा त्यांच्याविषयी सांगायचा अधिकार माझाच, आणि माझ्या दारावर गुप्तता पाळण्याबद्दल काही लिहिलेलं नाही.

विष्णुपंत आधी मिरजेला रेल्वेत, हरवलेल्या सामानाच्या चौकशीच्या कामावर होते. लोक येऊन विचारायचे, 'आमची वळकटी सापडली का?' आणि हे सांगायचे, 'नाही.' इतकी वर्षं 'नाही' म्हटल्यावर माणसाला एकदा तरी 'हो' म्हणावंसं वाटणारच. त्यांनी नोकरी सोडली, बाजारात मिळतील तेवढ्या गुप्तहेरांच्या कादंबऱ्या वाचल्या आणि पाटी लावली. गुप्तहेर म्हटला की तो सडपातळ, चपळ, सावलीसारखा असायचा. विष्णुपंत दारातून आत आले की घरातला उजेड कमी व्हायचा.

जतकडच्या एका धनगराची मेंढरं चोरीला गेली तेव्हा विष्णुपंत गोसाव्याच्या वेषात निघाले. भगवी छाटी, जटा, हातात कमंडलू. मोटारीतून उतरतात न उतरतात तोच समोरचा पानवाला ओरडला, "या या विष्णुपंत! मेंढरांचं कळलं म्हणायचं!" झालं होतं असं की मोटारीत शेजारी बसलेल्या माणसाला त्यांनी मिरज सोडायच्या आतच सगळी मोहीम समजावून सांगितली होती, आणि तो निघाला पानवाल्याचा मेहुणा. विष्णुपंत धनगराकडे राहिले, खर्डा-भाकरी हाणली, भेट मिळालेली घोंगडी खांद्यावर टाकून परत आले. मेंढरं पुढं आपली आपण आली. विष्णुपंत म्हणाले, "माझ्या धाकानं."

मिरजेला एका तंबोरे करणाऱ्याचे वाळवलेले भोपळे कुणी पळवले, तेव्हा तर त्यांनी संशयिताला आधी पोस्टकार्ड टाकलं, की शुक्रवारी मी आपल्यावर छुपी पाळत ठेवायला येत आहे, घरी असावे. मी म्हटलं, "विष्णुपंत, अहो, हे काय?" तर म्हणतात, "मधुभाऊ, तो घरी नसला तर पाळत ठेवायची कुणावर?"

असा हा माणूस. आता क्षमाच्या लग्नाचं सांगतो.

लढाई संपली होती, पण रेशन संपलं नव्हतं. तांदूळ मिळायचा तो मोजून, आणि लग्नात ठरावीक पानांच्या वर पंगत बसवायची नाही असा हुकूम होता. त्यामुळे आळीत लग्न निघालं की जेवणावळ शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटून टाकायची. मुख्य पंगत मांडवात, चार पानं या ओसरीवर, आठ पानं त्या माडीवर. चौकशीला कुणी आलंच तर प्रत्येक घरी म्हणायचं, 'आमच्याकडे आज सहज पाहुणे आहेत.' सगळ्या आळीत एकाच दिवशी सहज पाहुणे, आणि सगळीकडे सहज जिलबी.

क्षमा ही आमच्या समोरच्या अनंतरावांची मुलगी. आई लहानपणीच गेलेली. तिला वाढवलं आत्यानं, लीलाबाईंनी. लीलाबाई बालविधवा, भावाच्या घरी आलेल्या, कोठीच्या किल्ल्या कमरेला लावून सबंध घर ओढणाऱ्या. घरात त्यांचं म्हणून काही असेल तर त्या किल्ल्या.

वऱ्हाड वाईचं. विहीणबाई चारुशीलाबाई बोलायला गोड, पण डोळा असा की बसल्या जागेवरून मांडवातल्या फुटक्या पत्रावळी वेगळ्या काढतील. आणि वऱ्हाड निघालं ठरल्यापेक्षा बरंच जास्त. आचारी सकाळपासून लीलाबाईंच्या मागं लागला होता, "बाई, तांदूळ कमी पडणार. मग मला बोल लावू नका."

मुहूर्ताआधी क्षमा गौरीहरापुढं बसली. चांदीची अन्नपूर्णा, अंगठ्याच्या पेराएवढी, तिच्या आईच्या माहेराहून आलेली. तांदळाच्या राशीवर ती बसवायची, हळदीकुंकू वाहायचं, आणि मुलीनं मुहूर्तापर्यंत चिमटी चिमटी तांदूळ तिच्यावर सोडत सौभाग्य मागायचं. मग तीच देवी पदरात घेऊन सासरी जायचं. अन्नपूर्णा उंबऱ्याच्या आत आली की सून आत आली, अशी रीत. आणि राशीचे तांदूळ उपाध्यांचे.

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. पोरांची आणि गडबडीतल्यांची पहिली पंगत उठली. (विष्णुपंत पहिल्या पंगतीलाही होते. 'जागेची पाहणी' असं ते त्याला म्हणत.) आणि तेवढ्यात माजघरातून चारुशीलाबाईंचा गोड आवाज आला, "लीलाबाई, अन्नपूर्णा दिसत नाही ती?"

गौरीहराचा पाट रिकामा. देवी नाही, तांदूळ नाहीत, काही नाही.

शोधाशोध झाली. पाट उचलले, सतरंज्या झटकल्या, क्षमाचा शालू झटकला. लीलाबाईंनी सगळ्या कोनाड्यांत हात घालून पाहिलं. मग घरभर ती कुजबुज सुरू झाली, जिला आधी तोंड नसतं आणि मग एकदम नाव असतं. कुणीतरी म्हणालं, मघाशी रंगूबाई माजघराच्या दारात आली होती, रिकामी घंगाळं न्यायला.

रंगूबाई आमच्या सगळ्या आळीची भांडी घासायची. नवरा फौजेत गेला तो परत आलेला नव्हता. आमच्या प्रत्येक घराच्या मागच्या दाराची कडी तिला ठाऊक. आणि एकदा तिच्यावर चोरीचा डाग पडला की त्यातलं एकही दार उघडं राहणार नाही, हेही तिला ठाऊक होतं. मागच्या अंगणात, केळीच्या आळ्यापाशी ती राखेत हात घालून बसली होती. बायकांनी तिला तिथंच गाठलं. तिचं गाठोडं सोडलं. त्यात निघालं एक लुगडं, एक सुपारीचं खांड आणि सकाळच्या दोन जिलब्या, लेकरासाठी बांधलेल्या.

"अजून कुठं लपवलीस?" वऱ्हाडातली एक बाई म्हणाली.

"आवं बाई, मी सकाळधरनं ह्या केळीबुडी बसलीया," रंगूबाई म्हणाली. "द्येवाला हात लावायची माजी टाप हाय व्हय? खरकटं उचलती मी. द्येव न्हाई उचलत."

"चौकीवर गेलीस की बोलशील."

"न्या की चौकीवर. पर सांगून ठेवती, द्येवी गावल्याबिगर मी हितनं हालणार न्हाई. तुमी जेवा, उठा, वाईला जावा. मी हितंच."

चारुशीलाबाई अनंतरावांना म्हणाल्या, "हे पाहा, मला चांदीचं काही नाही. पण अन्नपूर्णेवाचून सून घरात घ्यायची कशी? जेवणं उरकेपर्यंत बघा. नाहीतर त्या बाईला पोलिसांत द्या."

आणि अशा वेळी मागून आवाज आला, "थांबा. पोलिस नकोत. मी आहे."

विष्णुपंत होते. वऱ्हाडातला एक जण विचारू लागला, हे कोण? आमच्या आळीनं उत्तर देण्याऐवजी हसायला सुरुवात केली. मीही हसलो. अनंतराव हात जोडून म्हणाले, "विष्णुपंत, कृपा करा हो. आज लग्न आहे."

"दुसरी पंगत उठायच्या आत देवी काढून देतो," विष्णुपंतांनी मांडवभर ऐकू जाईल असं जाहीर केलं. "चोरानं मनाची तयारी ठेवावी!"

मग तपास सुरू झाला. माजघरात त्यांनी गौरीहराच्या पाटाचा वास घेतला. उपाध्यांना विचारलं, तुम्ही डावरे आहात का. आचाऱ्याला विचारलं, कोशिंबीर कसली. मी त्यांच्या मागोमाग, कारण असली करमणूक सोडायची नसते. "विष्णुपंत," मी म्हटलं, "वेषांतर करायचं राहिलं की. नवरीच्या करवलीचं करता का?"

"मधुभाऊ, जरा दम धरा," म्हणत ते हात धुवायला मागच्या अंगणात आले. आणि केळीच्या आळ्यापाशी थांबले.

आळ्यात तांदळाचं धुवण ओतलेलं होतं. विष्णुपंत त्याकडे बघत उभे. मी म्हटलं, आता या माणसाला धुवण पाहूनसुद्धा भूक लागायला लागली. रंगूबाई तोंड फिरवून बसली होती.

"रंगूबाई," विष्णुपंत म्हणाले, "हे धुवण कुणी ओतलं?"

"आचाऱ्यानं. भाताचं दुसरं तपेलं चढिवलं त्याचं. का वं?"

ते काही बोलले नाहीत. हे मी पुन्हा सांगतो, कारण आमच्या आळीत यावर अजून कुणी विश्वास ठेवत नाही. विष्णुपंत आगटे काही बोलले नाहीत. वळले, विहिरीवर गेले, अंगावर दोन बादल्या ओतून घेतल्या आणि ओल्या पंच्यानिशी, पाणी गाळत, सोवळ्यानं स्वयंपाकघरात शिरले. आत काय झालं ते दिसलं नाही. आचारी तेवढा ताक आणायला बाहेर पाठवलेला दिसला. थोड्या वेळानं विष्णुपंत बाहेर आले. उजवा हात पंच्याच्या टोकात गुंडाळलेला.

"काय, सापडला का चोर?" मांडवातून कुणीतरी ओरडलं.

"तपास चालू आहे," ते म्हणाले, आणि आपली ठरलेली ओसरी सोडून थेट वऱ्हाडाच्या पंगतीत, चारुशीलाबाई वाढपावर लक्ष ठेवत बसल्या होत्या त्यांच्या अगदी समोरच्या पानावर जाऊन बसले. मी शेजारच्या पानावर.

विष्णुपंतांच्या शेजारी जेवायला बसणं हा एक अनुभव असे. वाढपी त्यांच्यापाशी आला की कंबर कसायचा. पण त्या दिवशी पाहतो तर चटणी तशीच, कोशिंबीर तशीच, जिलबीकडे नजर नाही. मला पहिल्यांदा काळजी वाटली ती तेव्हा. म्हटलं, या माणसाला ताप आला.

भात आला. दुसऱ्या तपेल्यातला, वाफाळता. विष्णुपंतांच्या पानावर नेहमीसारखा डोंगर पडला. वरण घ्यायला त्यांनी भातात आळं करायला घेतलं, आणि तेव्हा मी पाहिलं, की त्यांच्या उजव्या हाताची बोटं टरारून लाल झाली होती. आणि दुसरंही पाहिलं. सोवळ्याचा कट्टर, जन्मात जेवताना डावा हात पानाला न लावलेला हा माणूस. त्याचा डावा हात पंच्याच्या कनवटीतून निघाला, भाताच्या डोंगरामागून एकदाच फिरला आणि परत मांडीवर गेला. पापणी लवायला लागावा एवढाच वेळ. पंगतीत दुसऱ्या कुणी पाहिलं नाही, सगळे वरणाची वाट पाहत होते.

मग विष्णुपंतांनी अशी आरोळी ठोकली की वाढप्याच्या हातातलं वरण सांडलं.

"थांबा! कुणी पानाला हात लावू नका!"

भातात, वरणासाठी केलेल्या आळ्यात, कमरेइतकी भातात बुडालेली अन्नपूर्णा बसली होती. हातात पळी, चेहरा धुतल्यासारखा लख्ख, भोवती वाफ.

सगळा मांडव माना उंचावून बघू लागला. वाजंत्रीवाले जेवत होते, तेही उठून आले. मी सांगतो, मला सगळं दिसलं होतं, डावा हातसुद्धा, आणि तरी माझ्या अंगावर काटा आला. वाफेतून ती मूर्ती हललीशी वाटली. उपाध्ये हात जोडून म्हणाले, "अन्नपूर्णा! साक्षात अन्नात प्रकटली! रेशनच्या दिवसांत!" चारुशीलाबाई पदर सावरत उठल्या आणि विष्णुपंतांच्या पानासमोर जमिनीला डोकं टेकलं. क्षमा रडता रडता हसायला लागली. कुणीतरी मागून म्हणालं, "यांच्याच पानात कशी?" त्यावर आमच्या आळीतला कुणी पुटपुटला, "देवी जागा बघून बसते बाबा."

अनंतरावच तेवढे भानावर होते. "पण भातात गेली कशी?"

"तपास चालू आहे," विष्णुपंत म्हणाले. मग ताडकन उठून उभे राहिले, ओले, जाडजूड, एका हातात देवी घेऊन. त्या वेळी ते मला प्रथमच मोठे दिसले. घेरानं नव्हे. "देवी माझ्या पानात आली, तेव्हा पहिला मान कुणाचा हे मी सांगणार. हा भात आता भात नाही, प्रसाद आहे. आणि त्याचं पहिलं पान, जिच्यावर देवीच्या नावानं आळ घेतला तिचं."

कुणी काही बोलायच्या आत चारुशीलाबाईंनी स्वतः पत्रावळ घेतली, वर भात वाढला, तूप वाढलं, खण ठेवला आणि मागच्या अंगणात गेल्या. आम्ही सगळे मागोमाग. रंगूबाई राखेचे हात तसेच धरून उभी राहिली. चारुशीलाबाईंनी केळीपाशी तिच्यासाठी पाट मांडला आणि म्हणाल्या, "रंगूबाई, चुकलं आमचं. बसा."

"मी राखंच्या हातानं कशी खाऊ?" रंगूबाई म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. गाठोडं सोडलं तेव्हा रडली नव्हती ती.

प्रसाद म्हणून वऱ्हाडानं तो भात दोन-दोनदा मागून घेतला. तपेलं खरडून संपलं. आणि विष्णुपंतांनी? चार घास खाल्ले, तेही डोळे मिटून. गरम भात लागला की बोटं आपोआप मागं येत होती. मी ते पाहिलं आणि जिभेवर आलेली थट्टा भाताबरोबर गिळून टाकली.

जेवणं आटोपल्यावर मी एकटाच केळीपाशी गेलो. धुवण जिरून गेलं होतं. तांदळाचं धुवण पांढरं असतं. इथं मातीवर जी साय राहिली होती ती गुलाबी होती. हळदीकुंकवाची.

बाकीचं मला लीलाबाईंनी सांगितलं, पुढं बऱ्याच वर्षांनी, आजारी असताना, कुणाला तरी सांगितल्यावाचून जायचं नाही म्हणून. तांदूळ कमी पडतोय म्हणून आचारी ओरडत होता. सगळे अक्षता टाकायला मांडवात. लीलाबाईंनी गौरीहरापुढची रास सुपात भरली आणि दुसऱ्या तपेल्यासाठी निवडून ठेवलेल्या तांदळात ओतली. निवडायला नको, पाखडायला नको, आधीच स्वच्छ. देवी क्षमानं पदरात घेतली असेल असं त्यांना वाटलं. पण पोर भ्यालेली; चिमटी सोडून मुठीमुठीनं तांदूळ सोडत बसली होती, आणि तिनंच देवी पुरून टाकली होती.

"बोभाटा झाल्यावर माझ्या लक्षात आलं हो," लीलाबाई म्हणाल्या. "तोवर तपेलं उकळत होतं. सांगू कशी? पूजेचे, उपाध्यांचे तांदूळ वऱ्हाडाला शिजवून घातले म्हणून विहीण पानावरून उठली असती. रंगू बाहेर बसलेली दिसत होती, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात विष्णुपंत आले. एवढंच म्हणाले, 'लीलाताई, गौरीहराचे तांदूळ कुठं गेले?' मी रडायला लागले. त्यांनी पुढं विचारलंच नाही. झाऱ्यानं चाचपलं, झाऱ्याला लागेना. मग हात घातला. उकळत्या भातात. मी ओरडणार, तर डाव्या हातानं मला गप्प बसायची खूण."

देवी मिळाली होती. तेव्हाच ती मांडवात नेऊन उंच धरली असती तर काय झालं असतं? त्यांच्या आयुष्यातला एकुलता एक यशस्वी तपास, दोन गावांसमोर. पोस्टकार्ड टाकून पाळत ठेवणारा, गोसावी होऊन मोटारीत भाषण करणारा हा माणूस. पण मग लोक विचारणार, कुठं सापडली, आणि लीलाबाईंच्या कमरेच्या किल्ल्या गेल्या असत्या. आणि नुसती परत गौरीहराशी ठेवली असती तर म्हणाले असते, रंगूबाईनं भिऊन टाकली. दोघींना वाचवायला एकच वाट होती, की चोरी झालीच नाही, आणि शोधही कुणी लावला नाही. एवढा विचार त्यांनी भाजलेला हात पंच्यात गुंडाळून, स्वयंपाकघरातून मांडवापर्यंत येईतो केला होता.

गावभागात अजून लोक सांगतात, विष्णुपंतांना आयुष्यात काही शोधता आलं नाही, एकदा देवी सापडली तीही जेवताना. हे त्यांच्या तोंडावर म्हणायचे. मीही कितीदा डिवचलं, "विष्णुपंत, त्या अन्नपूर्णेच्या तपासाचं काय झालं?" ते पोट हलवून हसायचे. "चालू आहे, मधुभाऊ. चालू आहे." बोटांवरचे डाग शेवटपर्यंत गेले नाहीत.

आता विष्णुपंत नाहीत, लीलाबाई नाहीत. पाटी मात्र आहे, आणि चकाकते. प्रत्येक दसऱ्याला रंगूबाई चिंच घेऊन येते, घरात कुणाला न विचारता स्टुलावर चढते आणि ती घासते. गेल्या खेपेला मी खाली उभा होतो. खोडी काढायची सवय जात नाही. म्हटलं, "रंगूबाई, त्या दिवशी तू केळीपाशी बसली होतीस. धुवण तुझ्या समोर होतं. विष्णुपंत स्वयंपाकघरातून हात गुंडाळून आले तेही तुझ्या समोरूनच. तुला सगळं कळलं होतं ना?"

ती 'गुप्तता पाळली जाईल' या ओळीवर आली होती. अक्षरांच्या खाचांतून चिंच काढत म्हणाली,

"तुमाला काय दिसलं त्ये तुमी सांगा, मधुभाऊ. मला द्येवी दिसली."

आणि तांब्यातलं पाणी पाटीवर ओतलं. थोडं माझ्यावरही.